आवाजाबद्दल खरे कोण सांगेल? सोलापुरातल्या होतकरू गायकासाठी काही पर्यायांची तुलना

आपला आवाज खरोखर गाण्याजोगा आहे का, आणि असल्यास त्यात नेमके काय कमी पडते, हा प्रश्न गाणाऱ्या प्रत्येकाला केव्हातरी पडतो. प्रश्न सरळ असला, तरी ज्याला आपण तो विचारतो तो सरळ उत्तर देण्याच्या स्थितीत असतोच असे नाही. आई मुलीचे मन मोडत नाही, क्लास चालवणाऱ्याला विद्यार्थी टिकवायचा असतो, आणि स्पर्धेतल्या परीक्षकाला एका दुपारीत कित्येक जणांना ऐकून संपवायचे असते. म्हणून अभिप्राय कोणाकडून घ्यावा हे ठरवताना मी दोन गोष्टी पाहते. खरे सांगितल्याने त्या माणसाचे काही जाणार आहे का, ही पहिली. आणि तो ज्या दोषाबद्दल बोलतो तो त्याच्या जागेवरून त्याला ऐकू येतो का, ही दुसरी. सोलापुरात सहज मिळणारे पर्याय या दोन कसोट्यांवर लावून पाहिले, तर त्यांची किंमत आपण सहसा मानतो तशी राहत नाही.

घरची माणसे आणि हातातला फोन

घरच्यांच्या कौतुकावर निर्णय घेऊ नये हे सगळ्यांना ठाऊक असते. तरीही त्यांच्याकडून एक काम चोख होते. त्यांना शेजारच्या खोलीत बसवावे, त्यांनी न ऐकलेले एखादे गीत गावे आणि जे शब्द कळले ते कागदावर लिहायला सांगावेत. जिथे त्यांनी रिकामी जागा सोडली असेल, तिथे आपला उच्चार गिळला गेला आहे. या अभिप्रायात प्रेम आड येत नाही, कारण त्यांना मत द्यायचेच नसते.

फोनवरचे ध्वनिमुद्रण हा यापेक्षा कठोर आणि जवळजवळ फुकटचा पर्याय आहे. पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांना स्वतःचा आवाज पातळ आणि परका वाटतो. गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून जसा ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून खालच्या कंपनांना अधिक वजन मिळते. मुद्रणात फक्त हवेतला आवाज उतरतो. लोक ऐकतात तो हाच. त्यामुळे पहिल्या दिवशी निराश होऊन फोन बाजूला ठेवणे म्हणजे अभिप्राय हाती येण्याआधीच उठून जाणे होय. आठ-दहा दिवस रोज ऐकले, की परकेपणा ओसरतो आणि दोष वेगळे दिसू लागतात: श्वास कुठे तुटतो, ओळीचा शेवटचा स्वर कुठे सोडून दिला जातो, मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, आपण स्वरावर पोचतो की अलीकडेच थांबतो.

मुद्रण मात्र नीट व्हायला हवे. पूर्व भागात राहणाऱ्यांच्या घरी यंत्रमागांचा खटखटाट दिवसभर असतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत पंखा बंद ठेवून दुपारी गाणे कोणालाच जमणार नाही, म्हणून पहाटेची वेळ धरावी. फोन तोंडापासून दोन-तीन फुटांवर ठेवावा. मोकळ्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि घुमणारा आवाज नेहमीच जास्त गोड लागतो. मी दोरीवर दोन जाड सोलापुरी चादरी टाकून त्यांच्यासमोर गाते, आणि तेवढ्यानेही फरक कळतो. व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस नोटवर कोणाचेही मत मागू नये, कारण त्यात आवाज इतका आवळला जातो की पोत समजत नाही.

स्वर दाखवणाऱ्या अॅपबद्दल एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यामुळे चांगले कान बिघडताना मी पाहिले आहेत. यातली बहुतेक अॅप पेटीसारख्या समान अंतराच्या स्वरांवर बेतलेली असतात. अर्ध्या स्वराचे अंतर 100 सेंट धरले, तर पेटीचा शुद्ध गंधार (ग) षड्जापासून (सा पासून) 400 सेंटवर येतो. पण तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या, तारेतून आपोआप उमटणारा जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो सुमारे 386 वर असतो. म्हणजे तानपुऱ्याशी तंतोतंत मिळवून गाणाऱ्याला अॅप 14 सेंटने उतरलेला ठरवते. पंचमात हा फरक जेमतेम 2 सेंटचा आहे, म्हणून षड्ज-पंचम तपासायला अॅप वापरावे. गंधार आणि धैवताचा न्याय तानपुऱ्यावर सोपवावा.

गुरू, क्लास आणि परीक्षा

ज्याला गाणे पुढे न्यायचे आहे त्याला गुरूवाचून पर्याय नाही, हे मी मनापासून मानते. पण शिकणे आणि अभिप्राय मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आठ-दहा जणांच्या तुकडीत सगळे एकाच पट्टीत, म्हणजे एकच सा धरून, गातात. त्या पट्टीत ज्याचा आवाज बसत नाही तो वर ताणतो किंवा खाली पुटपुटतो, आणि समूहात ते झाकले जाते. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांचे यात सर्वाधिक नुकसान होते, कारण त्यांची पट्टी काही महिन्यांत बदलते आणि वर्गाची बदलत नाही. म्हणून क्लास निवडताना फी किती हे विचारण्याआधी, आठवड्यातून निदान दहा मिनिटे एकट्याला गायला मिळते का, हे विचारावे.

दुसऱ्या एखाद्या जाणकाराकडून एकदाच मत घेणे हाही चांगला मार्ग आहे. तिथे सुरुवातीलाच सांगावे की, मला आपल्याकडे प्रवेश घ्यायचा नाही, आपल्या तासाभराचे मानधन देऊन फक्त आपले मत ऐकायचे आहे. विद्यार्थी मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न असा बाजूला झाला, की बोलणे मोकळे होते. मात्र आपल्या गुरूंच्या कानावर हे आधी घालावे. आपल्याकडे गुरूंच्या नकळत दुसरीकडे जाणे मनाला लागते, आणि ते लागणे रास्तही आहे.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, म्हणजे प्रारंभिकापासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि पुढे अलंकारापर्यंतची वाट, हा शिस्तीचा मार्ग आहे. परीक्षक बहुधा अनोळखी असतो, त्याला आपल्याला खूश ठेवण्याची गरज नसते. पण तो राग, ताल, बंदिशी आणि मांडणी तपासतो, आणि हाती येतात ते गुण. प्रवेशिकेत पहिला वर्ग मिळाला म्हणजे आवाज सुगम संगीताला किंवा नाट्यगीताला योग्य आहे, असा अर्थ काढू नये.

संगतकार

आता ज्यांना कोणी विचारत नाही त्यांच्याकडे वळते. माझ्या मते नवोदित गायकाला सोलापुरात सर्वांत खरे उत्तर पेटी आणि तबला वाजवणाऱ्यांकडून मिळते. हे लोक एका आठवड्यात भजनी मंडळात, लग्नाच्या संगीतात, गणपतीच्या मंडपात आणि एखाद्या गझलेच्या बैठकीत वाजवतात. म्हणजे वेगवेगळ्या वकुबाचे कितीतरी गळे त्यांच्या कानाखालून गेलेले असतात. शिवाय आपली चूक त्यांना नुसती ऐकू येत नाही, ती सांभाळून घ्यावी लागते. गायक मात्रा खाऊन समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधीच आला, तर तबलजीलाच ठेका वळवून त्याला पदरात घ्यावे लागते.

हे मला कळले ते एका घरगुती भजनात. मी बरीच वर्षे काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, गात होते. त्यामागे विचार काही नव्हता. माझ्या गुरुभगिनीची ती पट्टी होती आणि तिचे गाणे मला आवडत असे. कार्यक्रमानंतर चहा घेताना पेटीवाल्या काकांना मी नेहमीसारखे "कसं झालं?" असे न विचारता, "काका, कुठे सांभाळून घ्यावं लागलं?" असे विचारले. त्यांनी बशीत चहा ओतला, थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही वरच्या सा ला गेलात की मी भाता जोरात मारतो. लोकांना पेटी ऐकू येते, तुमचा सा उतरलेला कळत नाही." मग पेटी पुढे ओढून त्यांनी काळी चार धरली आणि तोच अंतरा पुन्हा म्हणायला लावला. एका पूर्ण स्वराने खाली आल्यावर मान ताणावी लागली नाही आणि तार षड्जावर शब्द उमटला. वर्षानुवर्षे टाळ्या मिळालेल्या त्या अंतऱ्यात काय चुकत होते, हे मला त्या पाच मिनिटांत समजले. त्यांनी ते आपणहून कधीच सांगितले नसते, कारण संगतकाराने गायकाचा दोष झाकायचा असतो, हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. म्हणून प्रश्न आपणच विचारायला हवा, आणि तो असा विचारायला हवा की उत्तरात जागा दाखवावी लागेल.

या पर्यायालाही मर्यादा आहेत. पेटीवाल्याचा कान पेटीच्या स्वरांना सरावलेला असतो, त्यामुळे वर सांगितलेल्या गंधारासारख्या बारकाव्यावर त्याचा कौल अंतिम धरू नये. आवाजाच्या साधनेत पुढे काय करावे, हेही गुरूच सांगू शकतात. पण पट्टी, लय, दमसास आणि गाणे बसवताना आपण दुसऱ्याचे किती ऐकतो, या चार बाबींवर संगतकाराइतके नेमके कोणी बोलत नाही. त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत. "जरा ऐकता का" म्हणून फुकट बसवून ठेवणे योग्य नाही.

कराओके आणि स्टुडिओ

गेल्या काही वर्षांत शहरात कराओकेचे गट खूप वाढले आहेत आणि त्यांनी अनेक नोकरदार, गृहिणी, निवृत्त मंडळींना माइक हाती धरायला शिकवले, हे त्यांचे मोठे काम आहे. व्यासपीठाची भीती घालवायची असेल तर याहून सोपा मार्ग नाही. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात समोर भरलेल्या खुर्च्या पाहून गाणे आणि घरच्या खोलीत गाणे यांत किती अंतर आहे, ते तिथे कळते. परंतु अभिप्राय म्हणून त्याचे वजन कमी आहे. प्रत्येक जण आपल्या गाण्याचे पैसे भरून आलेला असतो, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्यासाठी सारख्याच टाळ्या वाजवतो. ट्रॅक बहुधा मूळ गायकाच्या पट्टीत असतो आणि माइकवर एको इतका असतो की स्वर हलला तरी शेपटी गोड येते. तबलजी गायकासाठी थांबतो, ट्रॅक थांबत नाही, एवढा लयीचा धडा मात्र त्यातून नक्की मिळतो.

स्टुडिओत माइक उत्तम असतो, आणि फसगतही तितकीच नेटकी होते. मी एकदा एक भावगीत ध्वनिमुद्रित करून घेतले. हाती आलेली फाइल इतकी सुरेल होती की पुढचे काही महिने मी रियाजात ढिलाई केली. नंतर समजले, की प्रत्येक स्वर संगणकावर ओढून जागेवर बसवला होता. मला कोणी विचारले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. तेव्हा स्टुडिओत गेल्यावर आधीच सांगावे की, ऑटोट्यून (स्वर दुरुस्त करणारी सोय) आणि रिव्हर्ब (घुमारा) न लावलेला कच्चा आवाज वेगळ्या फाइलमध्ये हवा आहे. ती कच्ची फाइल हाच खरा अभिप्राय. सजवलेली फाइल नातेवाइकांना पाठवावी.

स्पर्धा, ऑडिशन आणि आकाशवाणी

टीव्हीच्या ऑडिशनसाठी पुण्या-मुंबईला जाणारी सोलापूरची मुले पहाटेपासून रांगेत उभी राहतात आणि काही सेकंद गाऊन परततात. नकार मिळाला तर त्याचा अर्थ "तुझा आवाज वाईट" असा घेऊ नये. तिथे वय, दिसणे, गाण्याची निवड आणि कार्यक्रमाला त्या वर्षी हवा असलेला साचा हे सगळे मोजले जाते, आणि कारण सांगायला कोणाला वेळ नसतो. आकाशवाणीची स्वरचाचणी याहून भरवशाची आहे, कारण तिथे फक्त आवाज ऐकला जातो. बी, बी-हाय, ए आणि टॉप या श्रेणींना संगीताच्या जगात मान आहे आणि सोलापूरला स्वतःचे आकाशवाणी केंद्रही आहे. मात्र तिथेही निकाल कळतो, चूक कळत नाही. चूक शोधून झाल्यावर तिथे जावे.

भाषेचा कान

एका बाबतीत सोलापूरकर मोठ्या शहरांतल्या गायकांपेक्षा सुदैवी आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या शहरात एकाच गल्लीत ऐकू येतात. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या गायकाने मराठी गीत मराठी शेजाऱ्याला ऐकवावे. चंद्रातला च आणि चांदण्यातला च वेगळा लागतो का, एवढेच विचारावे. मराठी घरातल्याने गझल गाताना ख आणि ख़, ज आणि ज़ यांचा फरक उर्दू जाणणाऱ्या मित्राकडून तपासून घ्यावा, आणि कन्नड शरणांची वचने (भक्तिरचना) गाणाऱ्याने कन्नडभाषक आजींपुढे बसावे. या लोकांना संगीत कळत नसेल, पण शब्द कानाला बोचला की त्यांच्या चेहऱ्यावर लगेच दिसते.

आणि आवाज बसलेला असेल, घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला असेल, किंवा आधी सहज लागणारा स्वर आता लागत नसेल, तर वरीलपैकी कोणाकडेही न जाता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. स्वरतंतूंवरची गाठ रियाजाने जिरेल असे समजून जोर लावणे धोक्याचे असते.

ज्याच्या हाती वर्षभराचा वेळ आहे, त्याने पहिले तीन महिने पहाटेचे मुद्रण तारखेसह जपून ठेवावे, मग गुरूंच्या संमतीने दोन बैठकी संगतकारांबरोबर कराव्यात, आणि त्यानंतरच परीक्षा की स्वरचाचणी हे ठरवावे. ज्याची ऑडिशन महिन्याभरावर आहे, त्याने मते गोळा करण्यात दिवस घालवू नयेत. एक पेटीवाला गाठावा, पट्टी पक्की करावी, दोनच गाणी निवडावीत, त्या गाण्यांच्या भाषेचा एक जाणकार समोर बसवावा, आणि "कुठे सुटलं?" एवढे विचारून त्याने बोट ठेवलेली ओळ रोज म्हणावी.