सर्टिफिकेट बघितलं, नंबर नाही बघितला

ऑक्टोबर 2023 मधली गोष्ट. बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरमध्ये पसरलेला. डॉक्टरांनी केमो थांबवली आणि म्हणाले, आता घरी न्या, दुखणार नाही एवढं बघू. आई 74 वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. भाऊ कॅनडात, मी ठाण्यात, आईबाबा पुण्यात सिंहगड रोडला. डिस्चार्ज दुसऱ्या दिवशी दुपारी होता आणि घरात माणूस नव्हता.

ही जी मधली रात्र असते ना, घरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोवाल्यांचं सगळं दुकान त्या रात्रीवर चालतं. मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून मोबाईलवर शोधत होते. एक फॉर्म भरला आणि दहा मिनिटांत चार फोन आले. त्यातला एक जण फार गोड बोलला. "ताई, काळजी सोडा. कॅन्सर पेशंट हीच आमची स्पेशालिटी. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स केलेली सिस्टर देतो, चोवीस तास. आवडली नाही तर 24 तासांत रिप्लेसमेंट." महिन्याचे 27,000, रजिस्ट्रेशन 3,000, वर 18 टक्के जीएसटी. 35,400 रुपये, सगळे आगाऊ. पैसे कंपनीच्या खात्यात नाही, एका बाईंच्या नावावर गेले. विचारलं तर म्हणाला, "मालकीणबाई आहेत आमच्या." पावती व्हॉट्सअ‍ॅपवर आली. जीएसटी लावला होता, पण जीएसटी नंबर कुठेच नव्हता. हे मी नंतर बघितलं. त्या रात्री फक्त एवढंच बघितलं की माणूस मिळाला.

सोबत सर्टिफिकेटचा फोटो होता. लॅमिनेट केलेलं, गोल शिक्का, मुलीचा फोटो. मला हायसं वाटलं.

मुलगी आली ती हसरी, कामाला वाघ. आईला आजी, बाबांना आजोबा. तिने स्वयंपाकघरही आवरलं. आई फोनवर म्हणाली, "अगं, पोर गुणाची आहे." मी रविवारी राहून सोमवारी शिवनेरीने परत गेले.

बाबांना दुखण्यासाठी छातीवर फेंटानिल या जबर वेदनाशामकाची पट्टी होती. छोटीशी पारदर्शक चिकटपट्टी, 72 तासांनी बदलायची, जुनी काढल्याशिवाय नवी लावायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पट्टीवर मार्करने तारीख लिहा. आणि शेक द्यायचा नाही. उष्णतेने औषध अंगात भराभरा जातं. डिस्चार्जच्या कागदावरही होतं, पण इंग्रजीत. सिस्टर आहे म्हटल्यावर तिला हे माहीत असणारच, असं आम्ही धरून चाललो.

सातव्या दिवशी बाबा सकाळी कण्हत होते. मुलीने मायेनं गरम पाण्याची पिशवी आणली आणि छातीवर ठेवली, नेमकी पट्टीवर. दुपारपर्यंत बाबा उठेनात. आईला वाटलं, चला, आज झोप लागली. चार वाजता तिने हलवलं तर डोळे उघडून लगेच मिटले. श्वास इतका सावकाश की ती मोजायला लागली. मिनिटाला सात. डॉक्टरांनी फोनवर पट्टी काढायला लावून तसंच कॅज्युअल्टीत बोलावलं. बाबा एक रात्र तिथे राहून सावरले. त्यातही नशीब एवढंच की आईला श्वास मोजायचं सुचलं.

परत आल्यावर मुलगी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून रडायला लागली. नर्सिंग तिने केलंच नव्हतं. हिंगोलीकडची, बारावी झालेली, मैत्रिणीच्या ओळखीने पुण्यात आलेली. ब्युरोने सहा मुलींना एका खोलीत ठेवलं होतं, सर्टिफिकेट त्यांनीच "बनवून" दिलं होतं. आमच्या 27,000 मधले तिला 11,000 मिळणार होते, तेही महिना भरल्यावर. मी मग तो फोटो पुन्हा काढून बघितला. कोर्स पास झाल्याचं वर्ष 2017. तिच्या आधारवर जन्मसाल 2002. पंधराव्या वर्षी तीन वर्षांचा कोर्स पूर्ण! हे गणित मांडायला मला दोन मिनिटं लागली असती.

तिचा राग मला आजही येत नाही. माझा राग गोड बोलणाऱ्यावर आहे.

रिप्लेसमेंट म्हणून आलेली बाई दोन दिवसांत गेली, तिच्यानंतरचा मुलगा एका रात्रीत. मग फोन उचलणं बंद. सगळे मिळून अकरा दिवस. मी चिडून घरी आले तेव्हा आई दबकत म्हणाली, "तुला सांगितलं नाही, पण मी त्यांना अजून 6,000 दिले." त्यांचा माणूस मी नसताना येऊन गेला होता. दिवाळी जवळ आली, मुली गावाला पळतात, बोनस दिला नाहीत तर उद्यापासून कोणी मिळणार नाही, म्हणाला. ह्यांना एकटीने कुशीवर कसं वळवू, या धास्तीने आईने कपाटातले पैसे काढून दिले. आणि मला त्रास नको म्हणून बोलली नाही. तुमचेही आईवडील बोलणार नाहीत. तेव्हा पैशाचा विषय निघाला की मुलीला किंवा मुलाला विचारा, एवढं एकच वाक्य म्हणायचं, हे त्यांच्याकडून घोकून घ्या.

आता आम्हाला उशिरा कळलेल्या गोष्टी. नर्स म्हणून पाठवत असतील तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो कौन्सिलकडे तपासा. नर्स नको, मदतीला मावशी हवी असेल तर तसं स्पष्ट बोला आणि मावशीचेच पैसे द्या. आमच्या घराला खरं तर मावशीच पुरली असती, पट्टी बदलायला आठवड्यातून दोन-तीनदा कोणी जाणतं आलं असतं तर. पोलीस व्हेरिफिकेशनची प्रत माणूस दारात यायच्या आधी हातात हवी. आगाऊ आठवड्याचे द्या, महिन्याचे नको, आणि द्यायचे ते फर्मच्या खात्यात.

आणि सगळ्यात आधी हॉस्पिटलमध्येच विचारा की पॅलिएटिव्ह केअरची टीम आहे का. म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी ठेवणारी काळजी. मला हा शब्दच माहीत नव्हता. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून आहे, मोफत आहे, आणि घरी येऊन बघणारी टीमही आहे. आमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल एवढं जवळ. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या पेशंटसाठीही घरी जाणारी टीम आहे. वारज्याच्या सिस्टरने पहिल्याच भेटीत आईला खाली बसवलं आणि पाठीखाली चादर कशी घालायची, एकटीने कुशीवर कसं वळवायचं, हे करून दाखवलं. नंतर बाबा सात आठवडे होते. घरीच गेले, न कण्हता.

पैशांसाठी मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि ओळखीच्या वकिलाकडून नोटीस पाठवली. 12,000 परत आले. उरलेल्या 29,400 साठी जिल्हा ग्राहक आयोगात गेले. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

वकिलांनी विचारलं, 6,000 रोख दिल्याचा पुरावा काय? मी गप्प. आईने भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. दुधाचा हिशोब ती त्यावर लिहिते. ऑक्टोबरच्या पानावर, तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात होतं: "दूध 1 लि. ह्यांची पट्टी बदलली. ब्युरोच्या माणसाला 6,000 दिले, निळा शर्ट, पावती दिली नाही." वकिलांनी त्या पानाची झेरॉक्स काढून फाइलला लावली.