सिगारेट सोडायचीय: कोपऱ्यावरचं मेडिकल की क्विटलाइन?

सिडको-सातपूरकरांनो, माझ्या मते सुरुवात मेडिकलपासून करा. सिगारेटची तलफ कमी करणारा २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो, पण खरं मोल फार्मासिस्टच्या दोन वाक्यांचं. गम सतत चघळायचा नाही. तिखटसर चव आली की गालात दाबून ठेवायचा, चव ओसरली की पुन्हा चावायचा. आधीची १५ मिनिटं चहा-कॉफी बंद, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही. हे कुणी सांगितलं नाही, तर चांगला गमही फुकट जातो! शिवाय बीपीच्या गोळ्यांना दर महिन्याला जाणं होतंच. तेव्हा विचारपूसही होते.

१८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, मोफत आहे. समुपदेशक सोडायची तारीख ठरवून देतात, नंतर स्वतःहून फोनही करतात. काउंटरवर चारचौघांत बोलायचा संकोच वाटत असेल, तर बिनधास्त हाच नंबर फिरवा.