“थोडा टायफॉइड निघालाय” असं सांगितलं तर

पावसाळा लागला की तालुक्याच्या गावांत आणि शहरांच्या कडेच्या वस्त्यांत एक ठरलेला खेळ सुरू होतो. दोन दिवसांचा ताप घेऊन माणूस दवाखान्यात जातो. शेजारच्या लॅबमध्ये रक्त जातं, थोड्या वेळात कागद येतो आणि डॉक्टर म्हणतात, “थोडा टायफॉइड निघालाय, पाच दिवस सलाईन लावू.” लगेच इंजेक्शन, लगेच सलाईन, आणि संध्याकाळपर्यंत ताप गायब. घरचे खूश, डॉक्टरच्या हाताला गुण! डॉक्टर बोगसच असतो असंही नाही. नोंदणी असलेले, पाटीवर रीतसर पदवी असलेले लोकही हेच करतात.

आधी तो कागद बघा. टेस्टचं नाव विडाल, पद्धत १८९६ सालची. टायफॉइडचे जंतू यात दिसत नाहीत. दिसतात त्या जंतूंविरुद्ध शरीरानं तयार केलेल्या प्रतिपिंडांच्या पातळ्या: ‘ओ’ १:८०, ‘एच’ १:१६० अशा (‘ओ’ आणि ‘एच’ हे जंतूचे दोन भाग; १:८० म्हणजे रक्ताचं पाणी ८० पट पातळ करूनही प्रतिपिंडं सापडली). या प्रतिपिंडांना वर यायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची विडाल ‘निघाली’ तर ती बहुधा जुन्या संसर्गाची, लसीची किंवा मलेरियासारख्या भलत्याच आजाराची खूण असते. आपल्याकडे धडधाकट माणसाच्या रक्तातही १:८० सापडतं. एकाच विडालवर निदान करणं म्हणूनच चूक; आठ-दहा दिवसांनी दुसरं रक्त घेऊन पातळी चौपट वाढली तरच तिला अर्थ. ‘टायफॉइड गेला का’ बघायला महिन्याभरानं पुन्हा विडाल करायला लावणं तर निव्वळ पैसे काढणं आहे, कारण प्रतिपिंडं कित्येक महिने रक्तात राहतात. आणि ‘थोडा’ टायफॉइड असा आजारच नाही.

खरी तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. मोठ्या माणसाचं ८ ते १० मिलि रक्त, तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी. रिपोर्टला दोन-तीन दिवस किंवा जास्तही लागतात, आणि टायफॉइड असूनही कधी कधी कल्चर कोरं येतं. तरी जंतू सापडला तर कोणतं औषध त्याला लागू पडतं तेही कळतं. संशय खरा असेल तर डॉक्टर हेच सुचवतील. जिथे कल्चरचा विषयच निघत नाही आणि पहिल्या तासात ‘पाच दिवसांचा कोर्स’ ठरतो, तिथे सावध व्हा.

आता एका दिवसात उतरलेला ताप. खऱ्या टायफॉइडमध्ये योग्य अँटिबायोटिक सुरू करूनही ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. तो संध्याकाळी उतरून दुसऱ्या दिवशी अंगात तरतरी आली, तर एक तर टायफॉइड नव्हता किंवा इंजेक्शनात स्टेरॉईड होतं. डेक्सामेथासोन या स्टेरॉईडची २ मिलिची बाटली नेहमीच्या वापरातली. तिच्यात ८ मिलिग्रॅम औषध, म्हणजे प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉईडच्या ५ मिलिग्रॅमच्या दहा-अकरा गोळ्यांच्या तोडीचं. ताप आणि अंगदुखी दबते, भूक लागते, रात्री झोप येत नाही, मधुमेह असेल तर साखर भडकते. आजार मात्र आत चालूच राहतो.

याची किंमत सगळ्यात जास्त डेंगीत मोजावी लागते. डेंगीचा धोकादायक काळ ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात असतो. इंजेक्शननं ताप आधीच खाली आणला की तो उतार ओळखू येत नाही. जोडीला डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलेलं असेल तर रक्तस्रावाचाही धोका वाढतो. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणं, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं: यातलं काहीही दिसलं तर दवाखान्यातलं सलाईन संपायची वाट बघू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

सलाईनचा हिशेब सोपा आहे. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलि बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर. बाटली लाल-गुलाबी झाली तर त्यात बी-१२, पिवळी झाली तर बी-कॉम्प्लेक्स. त्यात ‘ताकद’ कुठून येणार? जो माणूस तोंडानं पिऊ शकतो त्याला ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पुरतं. उलटी थांबत नसेल, रक्तदाब घसरला असेल, तर सलाईन जीव वाचवतं. पण तिथेही ते मोजून द्यावं लागतं, आणि डेंगीत जास्त झालं तर पाणी फुप्फुसांत उतरतं. अर्थात ‘डॉक्टर, एक बाटली लावाच’ असा हट्ट पेशंटच करतात, तेव्हा सगळा दोष दवाखान्याच्या माथी मारता येत नाही.

ओळखायचं कसं? सुई टोचण्याआधी बाटली हातात मागा आणि नावाचा फोटो घ्या. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन, मिथाइलप्रेडनिसोलोन ही सगळी स्टेरॉईडं. सेफ्ट्रायॅक्सोन नावानं तसंच वाटतं, पण ते अँटिबायोटिक आहे, गोंधळू नका. दम्याच्या तीव्र झटक्यात किंवा जोराच्या ॲलर्जीत स्टेरॉईड योग्यच असतं, त्यामुळे ‘हे कशासाठी?’ एवढं विचारा. उत्तर ‘तुम्हाला काय कळतंय त्यातलं’ असं आलं तर दुसरा डॉक्टर शोधा. कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या आणि चिठ्ठी नाही, हेही तितकंच वाईट लक्षण. सांधेदुखीसाठी अशा पुड्या कुणी महिनोन् महिने घेत असेल तर त्या एकदम बंद करू नका. आत स्टेरॉईड असेल तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉईडचं उत्पादन थंडावलेलं असतं. पुड्या घेऊन फिजिशियनकडे जा, डोस हळूहळू उतरवावा लागतो.

चांगला डॉक्टर बऱ्याचदा ‘काहीच केलं नाही’ असा वाटतो. तापाचा कितवा दिवस ते विचारतो, पोट दाबून बघतो, रक्तदाब घेतो, पॅरासिटामॉल लिहून देतो, दोन दिवसांनी पुन्हा बोलावतो आणि कधी लगेच यायचं तेही सांगतो. लोक पैसे वाया गेले म्हणतात आणि सलाईनवाल्याकडे जातात.

शंका आली तर कागद गोळा करा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असायला हवा, आणि दाखल रुग्णाचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. एमबीबीएस आणि त्यापुढच्या पदव्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. नोंदणीच नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार द्या. नोंदणी असून उपचार चुकीचे असतील तर त्या त्या परिषदेकडे. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलं आहे, म्हणजे ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे. तिथे उपयोगी पडतात ते लॅबचा मूळ रिपोर्ट, तारखेची पावती आणि बाटल्यांचे फोटो. ‘वागणूक बरी नव्हती’ एवढ्यावर कुणी हलत नाही.