‘कार्ड उडालंय’ म्हणून फसवलं, आणि जनरेटरचं संरक्षणच तोडून ठेवलं

आमच्या कामाच्या ठिकाणचा जनरेटर वीज गेली की आपोआप सुरू होतो. मध्यंतरी तो लोडवर आल्यावर थोड्याच वेळात बंद पडू लागला. कंट्रोलरच्या, म्हणजे इंजिन सुरू-बंद करणाऱ्या आणि दोष ओळखणाऱ्या कार्डाच्या, पडद्यावर दर वेळी एकच कारण दिसायचं: ऑइलचा दाब कमी. ऑइलची पातळी बरोबर होती. बंद पडेपर्यंत व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी अगदी स्थिर असायची.

दुरुस्तीला आलेल्या माणसाने पॅनेलचं दार उघडलं, जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, कार्ड उडालंय. एव्हीआर पण सोबत बदला, नाहीतर नवीन कार्ड पण जाईल." कार्ड म्हणजे कंट्रोलर, आणि एव्हीआर म्हणजे जनरेटरचं व्होल्टेज स्थिर ठेवणारं कार्ड. मल्टिमीटर त्याने पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही. सिलेक्टर ऑटोवर तसाच ठेवून, बॅटरी न सोडवता तो इंजिनजवळ हात घालत होता. तेवढ्यात वीज गेली असती तर इंजिन त्याच्या हातावरच सुरू झालं असतं. कंट्रोलर बदलला, एव्हीआर बदलला, आणि खरोखरच जनरेटर बंद पडायचा थांबला. बिल चुकतं झालं.

फसवणूक बाहेर आली ती पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी. त्या कामाला आलेल्या दुसऱ्या, अनुभवी मेकॅनिकने इंजिन बंद असताना पॅनेल चालू केलं आणि तिथेच थांबला. इंजिन फिरत नाही म्हणजे ऑइलला दाब नाही. मग कंट्रोलरला दाब नसल्याचं दिसायलाच हवं. आमच्या पडद्यावर मात्र दाब ठीक असल्याचं दिसत होतं.

आमच्या इंजिनवरचा ऑइल प्रेशर स्विच साधा आहे. दाब नसला की तो आपली वायर इंजिनच्या बॉडीला, म्हणजे अर्थला जोडतो. दाब आला की सोडतो. मेकॅनिक त्या वायरच्या मागे गेला. कंट्रोलरच्या बाजूला ती मध्येच तोडलेली होती आणि तिचं टोक टेप गुंडाळून हार्नेसमध्ये, म्हणजे वायरांच्या जुडग्यात, खुपसलेलं होतं. थोडं पुढे, स्विचकडे जाणाऱ्या भागावर, एका क्लॅम्पखाली तिचं इन्सुलेशन घासून तांबं उघडं पडलं होतं. मूळ दोष एवढाच. इंजिन तापलं, थरथरलं की ते तांबं बॉडीला टेकायचं आणि कंट्रोलर इमानेइतबारे इंजिन बंद करायचा. पहिल्या माणसाने खराब भाग तसाच ठेवला, वायर कंट्रोलरच्या बाजूने तोडून टाकली आणि दोष गेल्याचं दाखवलं. तोडलेली वायर कधीच अर्थ होत नाही, त्यामुळे कंट्रोलरच्या लेखी दाब कायम ठीक!

मला बिलापेक्षा याचाच जास्त संताप आहे. त्या काळात ऑइलचा पंप गेला असता किंवा पाइप फुटला असता, तरी इंजिन थांबलं नसतं. बेअरिंगमधली ऑइलची फिल्म तुटली की क्रँकशाफ्ट खराब व्हायला फार वेळ लागत नाही. आपोआप सुरू होणाऱ्या जनरेटर सेटजवळ तर बहुतेक वेळा माणूसच नसतो.

जुना कंट्रोलर पहिला माणूस ‘एक्सचेंज’ म्हणून नेणार होता, पण गेटपासवर सही न झाल्यामुळे तो आमच्याकडेच राहिला. वायरचा तुकडा बदलून, तिला नळी घालून, क्लॅम्पखाली रबर देऊन तोच कंट्रोलर परत बसवला. सेट उत्तम चालला. मेकॅनिकने स्विचच्या जागी गेज लावून दाबही पाहिला. तो बरोबर होता. ‘नवीन’ म्हणून बसवलेल्या कंट्रोलरच्या नोंदी उघडल्या, तर आमच्याकडे येण्याआधीच्या तारखांचे दोष त्यात सापडले. म्हणजे कार्ड दुसऱ्या कुठल्यातरी सेटवरून काढलेलं होतं. सेटिंगला त्या पहिल्या माणसाचाच पासवर्ड, तोही आम्हाला दिलेला नाही.

एव्हीआरचा तर या दोषाशी काही संबंधच नव्हता. तो एक्सायटरला (वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरमधल्या चुंबकाला प्रवाह पुरवणारा छोटा भाग) किती प्रवाह द्यायचा हे ठरवून व्होल्टेज धरून ठेवतो. तो बिघडला तर व्होल्टेज येत नाही, फार चढतं किंवा हेलकावे खातं. कुणी एव्हीआर गेला म्हणाला, तर त्याला एक चाचणी करून दाखवायला सांगा: लोड काढून, एव्हीआर सोडवून, एक्सायटर फील्डला 12 व्होल्टची बॅटरी द्यायची आणि इंजिन पूर्ण वेगाने चालवायचं. बहुतेक ब्रशलेस अल्टरनेटरमध्ये व्होल्टेज नेहमीच्या जवळपास येतं. आलं, तर अल्टरनेटर ठीक आणि संशय एव्हीआरवर. नाही आलं, तर फिरते डायोड आणि वाइंडिंग तपासल्याशिवाय नवीन एव्हीआर घेऊ नका. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावण्याआधी एव्हीआर आणि कंट्रोलर सोडवले जातात ना, तेही बघा. मेगरच्या 500 व्होल्टने चांगली कार्डं खरोखर उडतात.

दुरुस्ती झाल्यावर सेट नुसता चालवून दाखवणं पुरत नाही, तो बंद पाडून दाखवायला लावा. स्विच आमच्यासारखा असेल तर लोड नसताना त्याची वायर अर्थला टेकवली की इंजिन थांबलंच पाहिजे. फक्त सुरू झाल्यावरचे पहिले काही सेकंद कंट्रोलर दाबाकडे मुद्दाम दुर्लक्ष करतो, तेवढे जाऊ द्यावेत. इमर्जन्सी स्टॉपचं बटण दाबून बघा. ओव्हरस्पीडची मर्यादा, म्हणजे ज्या वेगाला इंजिन आपोआप थांबतं तो वेग, पडद्यावर दाखवायला सांगा. 50 हर्ट्झच्या चार पोलच्या सेटचा वेग 1500 आरपीएम असतो आणि मर्यादा सहसा त्याच्या 10 ते 15 टक्के वर ठेवतात. कुणी ती फारच वर नेऊन ठेवली असेल तर कारण विचारा. जुनी कार्डं तुमच्याकडेच ठेवा आणि पासवर्ड लेखी घ्या.

टेप गुंडाळलेल्या वायरचा आणि कंट्रोलरच्या नोंदींचा फोटो जोडून आम्ही लेखी तक्रार केली आहे. उत्तरात त्या पहिल्या माणसाने त्या वायरला ‘तात्पुरती व्यवस्था’ म्हटलंय. त्याच्या बिलात तिचा उल्लेख नाही, आणि काम संपवून जाताना त्याने कुणाला सांगितलंही नव्हतं. जुना एव्हीआर त्याने अजून परत केलेला नाही.