सिनॉलॉजी डीएस२२३जे: सांगलीच्या घर-पेढीसाठी, परवानग्यांच्या अंगाने

दोन डिस्कचा, १ जीबी मेमरीचा, घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइल्स एका जागी ठेवणारा हा सर्व्हर मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीचे हिशेब आणि घरचे फोटो एकत्र ठेवायला पुरेसा आहे. खरी कसोटी लागते ती शेअर केलेल्या फोल्डरच्या परवानग्यांत. तिथे यंत्र चोख आहे, फक्त त्याचा नियम नीट समजून घ्यायला हवा.

एकाच माणसाला स्वतःच्या खात्यातून आणि गटातून वेगवेगळ्या परवानग्या मिळाल्या, तर ‘नो अ‍ॅक्सेस’ (प्रवेश बंद) सगळ्यांवर भारी, मग ‘रीड/राइट’ (वाचा आणि बदला), शेवटी ‘रीड ओन्ली’ (फक्त वाचा). दिवाणजींना थेट रीड/राइट दिलं, पण त्यांच्या गटाला नो अ‍ॅक्सेस असेल, तर फोल्डर उघडणारच नाही. ‘यूजर्स’ या मूळ गटात प्रत्येक खातं असतंच, म्हणून त्याला नो अ‍ॅक्सेस कधीही लावू नका. त्या गटापुढच्या चौकटी रिकाम्या सोडा.

परवानगी बदलूनही विंडोज ऐकत नाही, कारण आधीचं लॉगिन ते धरून ठेवतं. दुसऱ्या नावाने शिरायला गेलं की १२१९ क्रमांकाची चूक येते. विंडोज जिथे लॉगिन जपून ठेवतं, त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून सर्व्हरची जुनी नोंद काढा, साइन आउट करून पुन्हा या. विंडोज ११ प्रोवर गेस्ट खात्याचा (पासवर्डशिवाय शिरण्याचा) नाद सोडा, ते मुळातच बंद असतं. घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं द्या.

वरच्या फोल्डरची परवानगी आत उतरली नसेल, तर फाइल स्टेशन या सर्व्हरच्याच फाइल हाताळायच्या अ‍ॅपमध्ये ती उपफोल्डर आणि फाइल्सनाही लागू करण्याची खूण करा.

आणि गावभागात राहत असाल, तर सर्व्हर तळमजल्यावर नको. २०१९चा कृष्णेचा पूर आठवा.