डॉक्टरांची यादी: विशेषज्ञता त्यांनी लिहावी की आपण तपासून भरावी?

रुग्णालयाची डॉक्टर-यादी सांभाळायची तर दोन पद्धती आहेत. अर्ज पाठवून सगळं डॉक्टरांनाच लिहू द्यायचं, किंवा शाखांची यादी आधी ठरवून, वैद्यक परिषदेतली नोंद बघून शाखा आपण भरायची. आमच्याकडे मी दोन्ही चालवल्या आहेत.

पहिली झटपट होते. ओपीडीच्या वेळा, सुट्ट्या, फोन यांबाबत डॉक्टरांइतकं खात्रीचं कोण सांगणार? एकाने ‘बालरोग’, दुसऱ्याने ‘पेडियाट्रिक्स’ लिहिलं तर शोधताना घोळ होतो, पण तो निस्तरता येतो.

मला खरं खटकलं ते ‘मधुमेहतज्ज्ञ’. या पाटीखाली डीएम एंडोक्रायनॉलॉजीवाले (म्हणजे हार्मोनच्या विकारांचे तज्ज्ञ) येतात, एमडी मेडिसिनवाले येतात आणि एमबीबीएसनंतर छोटा अभ्यासक्रम केलेलेही येतात. तिघांनी लिहिलेलं खरंच असतं, आणि साखर तिघेही उत्तम सांभाळत असतील. पण पिट्युटरी या हार्मोन-ग्रंथीचा विकार असलेला पेशंट यादी बघून एसटीने येतो, नंबर लावून बसतो आणि आत गेल्यावर त्याला कळतं की दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला हवं. त्याची त्या दिवसाची मजुरी गेलेली असते. काउंटरवर असे चेहरे पाहिल्यावर शाखेच्या रकान्यात हवं ते लिहू देणं मला पटेना.

दुसऱ्या पद्धतीत पदवी आणि शाखा वेगळ्या लिहिल्या जातात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पदव्युत्तर पदवीची नोंद वेगळी करावी लागते, तीच आम्ही धरतो. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा निराळ्या, तेव्हा त्या नोंदी तिकडेच बघायच्या. काम किचकट आहे हे खरं. नुकतीच पदवी घेतलेल्यांची नोंद कधी मागे राहिलेली असते. त्यांच्याकडून प्रमाणपत्राची प्रत घेऊन ‘नोंद बाकी’ असा शेरा ठेवतो. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, त्याच सुमारास आमचीही फेरतपासणी होते. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधल्या डॉक्टरांच्या रजिस्ट्रीतही माहिती डॉक्टर भरतात आणि पडताळणी परिषद करते, हे मला आश्वासक वाटतं.

चार-पाच ओळखीचे डॉक्टर असलेल्या दवाखान्याला पहिली पद्धत बहुधा पुरेल. बाहेरून येणारे कन्सल्टंट बरेच असतील तर मात्र वेळा त्यांच्याकडून घ्या आणि शाखेचा रकाना आपल्याच हातात ठेवा, असं मी सुचवेन.