हिंज्ड एल्बो ब्रेस: बिजागरी उत्तम, वेल्क्रो भंगार

गेल्या आठवड्यात या ब्रेसचा दंडावरचा पट्टा लक्ष्मी रोडच्या गर्दीत फर्रकन सुटला. कंपनीला फोन केला तर म्हणे, "मॅडम, सॉफ्ट पार्टला वॉरंटी नसते." साडेचार हजारांच्या या वस्तूत बिजागरी सोडली तर उरलेला सगळा सॉफ्ट पार्टच आहे हो!

हा ब्रेस म्हणजे दंडाला आणि कोपराखालच्या हाताला पट्ट्यांनी बांधायचा, कोपराशी बिजागरी असलेला आधार. हात किती डिग्री वाकू किंवा सरळ होऊ द्यायचा, ते बिजागरीवरच्या डायलने ठरतं (शून्य म्हणजे हात पूर्ण सरळ). माझी केस मोंटेजियाची: अल्ना (कोपराखालचं, करंगळीच्या बाजूचं हाड) मोडलेली आणि रेडियसचं (अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं) डोकं कोपरातून निखळलेलं. १८१४ मध्ये मोंटेजिया नावाच्या इटालियन सर्जनने वर्णन केलेली, मोठ्या माणसांत क्वचितच दिसणारी भानगड. लहान मुलांचं बऱ्याचदा हाड बसवून प्लास्टरवर भागतं, मोठ्यांना सहसा ऑपरेशनच. प्लेट-स्क्रू घालून अल्ना नीट जुळली की रेडियसचं डोकं बहुतेक वेळा आपोआप जागेवर जातं; माझं गेलं. पण कोपर हा भारी रुसका सांधा. फार दिवस बांधून ठेवला की आखडलाच. म्हणून हा ब्रेस.

सुरुवातीला मी एकच तारा देणार होते. उकडतं, अस्तराला घामाचा कुबट वास येतो, कुर्त्याच्या बाहीत मावत नाही. मग फिजिओने डायलची पिन सरकवत थोडी थोडी मोकळीक द्यायला सुरुवात केली आणि मत बदललं. हात सरळ करताना ठरलेल्या जागी टक्‌ करून थांबतो, त्यामुळे न घाबरता सैल सोडता येतो. रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० डिग्री पुरतात. मी त्याच्या बरीच जवळ आलेय, वेणी सोडून.

पण ते वेल्क्रो! ओढणीचे धागे, स्वेटरची लव, मांजराचे केस, सगळं त्यात जाऊन बसतं. रोज रात्री जुना टूथब्रश आणि सुई घेऊन साफसफाई. पकड गेली की ब्रेस मनगटाकडे घसरतो, बिजागरी कोपराच्या हाडासमोरून दोन बोटं खाली येते, मग डायलवरच्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. म्हणजे सगळी महागडी करामत एका पट्टीवर लटकलेली.

शेवटी तुळशीबागेतून रुंद वेल्क्रो मीटरवर आणलं आणि बॅगा शिवणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी जुनी पट्टी नखाने उचकटून दाखवली. "ताई, हे नुसतं चिकटवलंय, शिवलंय कुठे?" दुहेरी शिलाई, सामानासकट दीडशे रुपये. आता हलत नाही. (मला ब्रेस आता फक्त बाहेर पडतानाच लागतो, म्हणून एक दुपार सोडता आला. ऑपरेशन ताजं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नका.)

आणखी एक. बिजागरी फक्त वाकणं आणि सरळ होणं सांभाळते. तळहात वर-खाली वळण्यासाठी व्यायामच. भाजीवाल्याकडून सुट्टे घ्यायला माझा तळहात अजून पूर्ण वर होत नाही. त्यावर सासूबाईंनी तेल चोळणारा माणूस शोधलाच होता. फिजिओने कडक नाही म्हटलं. अशा कोपराला जोरात चोळलं तर स्नायूत हाड धरण्याची भीती असते.

घेताना डावा-उजवा तपासा आणि पट्टे दुकानातच दहा वेळा उघडून लावून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. काकांच्या दीडशेची पावती कंपनीला ईमेल केलीय. पैसे मागितलेत.